डोंगररस्त्यावरची वेगवान गाडी : खरेदी सोपी, सांभाळ महाग

आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या तरुणांपैकी अनेक जण मोटारधंद्यात आहेत. कोणी चालक आहे, कोणी मिस्त्री, कोणी पत्राकाम व रंगकाम करतो, तर कोणी जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या व्यापारात उतरला आहे. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी अशा गाड्या त्यांच्या नजरेसमोरून रोज जातात. काही वर्षे वापरलेली अशी एखादी गाडी बरीच उतरलेल्या किमतीत विकायला निघाली, की मनात दोन विचार येतात. एक, आपणच ती घ्यावी. दुसरा, घेऊन चार पैसे सुटतील अशा भावाने विकावी. दोन्ही विचार गैर नाहीत. मात्र अशा गाडीचे खरे मोल कशात असते आणि तिचा खर्च कोठे दडलेला असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. सपाट हमरस्त्यावर ते समजत नाही. ते समजते डोंगरावर, आणि तेही चढताना नव्हे, तर उतरताना.

जबल हफीतचा रस्ता

संयुक्त अरब अमिरातीत अबुधाबीच्या हद्दीत अल-ऐन शहर आहे. त्याला लागून ओमानच्या सीमेवर जबल हफीत हा उघडा, चुनखडीचा डोंगर उभा आहे. त्यावर जाणारा रस्ता सुमारे १२ किलोमीटर लांब असून त्यात ६० वळणे आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर चढ आहे. डांबर उत्तम, वर चढायला दोन पट्टे, उतरायला एक. त्यामुळे वेगवान गाड्यांच्या शौकिनांत हा रस्ता जगभर प्रसिद्ध आहे. सायकलींच्या मोठ्या शर्यतीही येथे होतात आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह कुटुंबे वर हवा खायला जातात. रस्ता सर्वांचा आहे, ही गोष्ट शौकिनांनी प्रथम ध्यानात घ्यावी. वेगमर्यादा त्यासाठीच असते.

अशा रस्त्यावर चढताना इंजिनाची ताकद दिसते. चारशे-पाचशे अश्वशक्तीची गाडी वळणातून सुटली की क्षणात पुढच्या वळणाला भिडते. पाहणारा इंजिनाच्या आवाजावर खूश होतो आणि गाडीची किंमतही त्याच आवाजावर ठरवतो. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र हिशेब उलटा होतो. आता इंजिनाने काहीही करायचे नसते. गाडीला खाली ओढण्याचे काम डोंगरच करतो आणि तिला आवरण्याचे काम ब्रेकवर येते.

उतारावरची उष्णता

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमके काय करतो? गाडीच्या गतीचे तो उष्णतेत रूपांतर करतो. पॅड डिस्कवर घासतात, डिस्क तापते आणि ती उष्णता हवेत जाते. यापलीकडे ब्रेकची दुसरी कोणतीही युक्ती नाही.

आता साधा हिशेब करू. १६०० किलो वजनाची गाडी जबल हफीतचा ९०० मीटरचा उतार उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तीत सुमारे ४० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणता येईल. यातला काही भाग हवेचा अडथळा, टायर आणि इंजिन घेतात. राहिलेला सारा भार चार डिस्कवर पडतो. चालक दोन वळणांमध्ये पुन्हा पुन्हा वेग वाढवत असेल, तर इंजिनाने घातलेली नवी ऊर्जा त्यात मिळते. वेग दुप्पट झाला की थांबवताना निघणारी उष्णता चौपट होते, हा नियम प्रत्येक चालकाने पाठ करून ठेवावा.

आल्प्स पर्वतात हा भार आणखी वाढतो. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड २७५७ मीटर उंचीवर आहे. १८२० ते १८२५ या काळात बांधलेल्या त्या रस्त्याला प्राटो गावाच्या बाजूने ४८ केसपिनी वळणे आहेत आणि उतार सुमारे १८०० मीटरचा, म्हणजे जबल हफीतच्या दुप्पट आहे. शिवाय इतक्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ पाव हिश्शाने विरळ असते. म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेथे घटते. ब्रेकचे काम मात्र तसूभरही कमी होत नाही.

अमेरिकेतील पाइक्स पीक या ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर १९१६ पासून मोटारशर्यत होते. शर्यत फक्त चढण्याची असते. एरवी त्या रस्त्याने उतरणाऱ्या सामान्य प्रवाशांच्या गाड्या अर्ध्या वाटेवरील ग्लेन कोव्ह येथे थांबवून त्यांच्या ब्रेकचे तापमान तपासले जाते. ज्याचे ब्रेक फार तापले असतील त्याला ते निवेपर्यंत थांबावे लागते. डोंगर उतरताना खरा धोका कोठे असतो, हे त्या तपासणीनाक्यावरून कळावे.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात

मिस्त्री बांधवांनी हा फरक नीट समजून घ्यावा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार पॅडचा. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड सुटते. पायाला पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. जळका वास येतो. अशा पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला आढळतो. शहरासाठी बनवलेला स्वस्त पॅड वेगवान गाडीला बसवला, तर डोंगरावर हेच घडते.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा, आणि तो अधिक घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या त्याच ऑइलसाठी किमान मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, तर डॉट ५.१ मध्ये २६० आणि १८०. कॅलिपरमधले ऑइल उकळले की नळीत वाफ तयार होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ पडते आणि थेट तळाला जाते. गाडी निवल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते व पेडल पूर्ववत लागते. मग गिऱ्हाईक सांगते, ‘काल ब्रेक लागले नाहीत, आज ठीक आहेत,’ आणि घाईत असलेला मिस्त्री त्याला परत पाठवतो. येथेच पुढच्या अपघाताची तयारी होते. असे गिऱ्हाईक आले तर प्रथम ब्रेक ऑइल बदलावे. दुबई, मुंबई व कोकणपट्टीसारख्या दमट हवेत दोन वर्षांहून अधिक काळ तेच ऑइल ठेवू नये. खर्च मामुली आहे. ते वाचवताना माणूस जिवाची जोखीम घेतो.

उतरण्याची रीत आपले घाटातले जुने ट्रकचालक सांगत आले आहेत तीच. ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरावे. इंजिनाच्या रोधाने गाडी आवरावी आणि ब्रेक अधूनमधून, पण ठामपणे दाबून सोडावा. सतत पाय ठेवून चालू नये. न्यूट्रल कधीही करू नये. खाली पोहोचल्यावर तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नये. दोन-चार मिनिटे हळूहळू चालवून वाऱ्याने डिस्क निवू द्याव्यात. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय असते. अनेक मालक ती कधी वापरतच नाहीत.

वळण, टायर आणि घाबरलेला पाय

गाडी कितीही महाग असो, रस्त्याला तिचे चार तळहाताएवढे तुकडेच टेकलेले असतात. ब्रेक मारणे, वळणे आणि पळणे ही तिन्ही कामे तेच तुकडे करतात. तिन्ही कामे एकाच वेळी मागितली तर टायर घसरतो. म्हणून वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा, मग वळावे आणि पुढचा रस्ता दिसू लागल्यावरच वेग द्यावा.

पोर्शे ९११ या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. वळणात वेग जास्त झाला म्हणून घाबरून ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला, तर वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. हल्लीच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे बरेचसे सावरते. तरी टायर झिजलेले किंवा कडक झालेले असतील, तर यंत्रणेच्या हातीही काही राहत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शौकाच्या गाड्या कमी चालतात. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण उन्हात उभे राहून रबर मरून गेलेले असते. पाच वर्षांपेक्षा जुना टायर डोंगरावर नेऊ नये, मग त्याची नक्षी कितीही खोल असो.

लाकडाच्या गिरणीत जन्मलेली गाडी

आज पोर्शेचे नाव श्रीमंतीशी जोडले जाते. मात्र तिचा जन्म कारागिरांच्या हातून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४ साली, पोर्शेचे कार्यालय जर्मनीतून ऑस्ट्रियातील ग्म्युंड या डोंगराळ गावी हलवले गेले. तेथे एका जुन्या लाकूड कापण्याच्या गिरणीत काम सुरू झाले. ना मोठे यंत्र, ना पुरेसा माल. इंजिन व बरेचसे भाग फोक्सवॅगनचे. जून १९४८ मध्ये ‘३५६’ नावाच्या पहिल्या गाडीला रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळाला. इंजिन अवघे ३५ अश्वशक्तीचे, पण गाडीचे वजन सहाशे किलोंच्या आत. त्यानंतर ग्म्युंडमध्ये सुमारे पन्नास गाड्या तयार झाल्या. त्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे लाकडी साच्यावर हाताने ठोकून घडवलेले होते. परीक्षा घ्यायला आल्प्सचे चढ-उतार दाराशीच होते.

यात दोन धडे आहेत. पहिला असा, की वजन कमी असेल तर उतारावरची उष्णताही त्याच प्रमाणात कमी होते. डोंगरावर हलकी गाडी थोड्या ताकदीतही चपळ ठरते. दुसरा असा, की हातोडी चालवणाऱ्या हातांची कदर ज्या धंद्याने केली, तो धंदा टिकला. आपल्याकडच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरांनी हे ध्यानात ठेवावे.

गाडीची किंमत एकदाच, खर्च वर्षानुवर्षे

वापरलेली गाडी निम्म्या भावात मिळाली म्हणून तिचे सुटे भाग निम्म्या भावात मिळत नाहीत. पॅड, डिस्क, टायर, ऑइल हे सारे नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागते. पोर्शेने २००० नंतर काही गाड्यांना कार्बन-सिरॅमिक डिस्क देण्यास सुरुवात केली. या डिस्क लोखंडी डिस्कच्या सुमारे निम्म्या वजनाच्या असून उष्णता फार चांगली सोसतात. मात्र त्यांची कड चाक काढताना आपटली तरी उडते, त्या लेथवर घासून सरळ करता येत नाहीत आणि बदलायच्या झाल्या तर चारही डिस्कचा खर्च एखाद्या साध्या जुन्या गाडीइतका होऊ शकतो. घेणाऱ्याने ही रक्कम आधी विचारावी, मगच गाडीचा भाव करावा.

आखातातील गाडीबाबत आणखी एक अडचण आहे. ती डाव्या स्टिअरिंगची असते. भारताच्या आयात नियमांनुसार जुनी गाडी कायम वापरासाठी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची हवी, वयाचे बंधनही आहे आणि जकात जबर आहे. म्हणजे गाडी तिकडे घेतली तर तिकडेच विकावी लागते. नोकरी सुटली की घाई होते, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

कर्जाचा उतार

अमिरातीत २०११ च्या नियमांनी गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज देण्यास व पाच वर्षांपेक्षा अधिक मुदत देण्यास बँकांना मनाई केली. त्यापूर्वी काय झाले ते सर्वांना आठवत असेल. २००८-०९ च्या मंदीत नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले आणि विमानतळावर व रस्त्यांवर गाड्या सोडून लोक मायदेशी परतले. धूळ साचलेल्या त्या गाड्यांची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली.

कर्जाचा दर सांगताना ‘फ्लॅट’ हा शब्द येतो, त्यातही गोम आहे. समजा, ८० हजार दिरहम ४ टक्के फ्लॅट दराने चार वर्षांसाठी घेतले. व्याज झाले १२,८०० आणि महिन्याचा हप्ता सुमारे १,९३३. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलेले असते. खरा दर साडेसात टक्क्यांच्या आसपास पडतो. रिबा टाळणाऱ्यांसाठी इस्लामी बँका मुराबहा पद्धतीने व्यवहार करतात. बँक गाडी स्वतः विकत घेते आणि नफा उघड सांगून ठरलेल्या एकूण किमतीला विकते. ही किंमत मागाहून वाढत नाही. पण हप्ता हा हप्ताच असतो. व्यवहार जायज आहे म्हणून ऐपतीबाहेरची खरेदी शहाणपणाची ठरत नाही. इस्राफाचा प्रश्न आपल्या जागी राहतोच.

कारागिरांसाठी संधी

गाडीच्या मालकाचा जो खर्च, तीच मिस्त्रीची रोजी. वेगवान गाड्या विकण्यापेक्षा त्या सांभाळण्याच्या धंद्यात जोखीम कमी आणि काम कायमचे आहे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही, नेमकेपणा लागतो. ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मोजणारे उपकरण, डिस्कची जाडी मोजायला मायक्रोमीटर, नटबोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना, दुरून तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि दोष वाचणारा स्कॅनर एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक कामाची लेखी नोंद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. पुढे गाडी विकताना त्या नोंदीमुळे त्याला भाव मिळतो आणि तो पुन्हा तुमच्याकडेच येतो.

पत्राकामवाल्यांनी ॲल्युमिनियम शिकावे. त्याची हातोडी, कानस व ब्रश लोखंडाच्या कामापासून अलग ठेवावे लागतात, नाहीतर लोखंडाचे कण रुतून नंतर पत्रा गंजल्यासारखा फुगतो. कार्बन फायबरचा भाग तर ठोकता येतच नाही. त्याची दुरुस्ती थर बसवून करतात. हे हुन्नर येणारे हात थोडे आहेत, म्हणून त्याची मजुरी चांगली आहे.

एक इशारा. नामांकित कंपनीच्या डब्यातले नकली पॅड बाजारात मिळतात. त्यात सुटणारा नफा हा दुसऱ्याच्या जिवावरचा नफा आहे.

घेण्यापूर्वी काय पाहावे

१. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो वाचून मोजमाप करावे. सिरॅमिक डिस्कवर किमान वजन लिहिलेले असते.

२. ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले याचा कागद मागावा. कागद नसेल तर बदललेले नाही असे समजावे.

३. चारही टायरवरचे शिक्के वाचावेत. चार टायर चार वर्षांचे असतील तर मालकाने काटकसर कोठे केली ते कळते.

४. गाडी आखाती हवामानासाठी बनवलेली आहे की अमेरिकेतून अपघातग्रस्त म्हणून लिलावात घेऊन दुरुस्त केलेली, हे चासी क्रमांकावरून तपासावे.

५. १६ एप्रिल २०२४ च्या अतिवृष्टीत अमिरातीत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. गालिच्याखालची माती, आसनाच्या पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग आणि वायरिंगच्या जोडण्या पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

६. विम्याच्या कागदात शर्यतीबाबतची अट वाचावी. रस्त्यावर शर्यत लावून झालेल्या नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही.

जे व्यापारी बांधव अशा गाड्या विकतात त्यांच्यासाठी हीच यादी उलटी वाचावी. आपल्याला ठाऊक असलेला ऐब गिऱ्हाइकाला सांगणे ही व्यापाराची शर्त आहे. ऐब लपवला तर माल परत करण्याचा हक्क शरीअतीने खरेदीदाराला दिला आहे. वेगवान गाडीत झिजलेली डिस्क किंवा मेलेला टायर हा साधा ऐब नाही. डोंगराच्या पहिल्याच उतारावर तो माणसाच्या जिवाशी गाठ घालतो. तेव्हा गाडी दाखवताना इंजिनाचा आवाज जरूर ऐकवावा, पण त्याआधी चाक काढून ब्रेक दाखवावेत. असा सौदा करणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, आणि बरकत त्यातच आहे.